वाचकाची भीड

एखाद्या कादंबरीला मोठा पुरस्कार लाभला, की तिच्याविषयी मनातले बोलण्याची सोय उरत नाही. 'ययाति'चेच पाहा. खांडेकरांच्या या कादंबरीला १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. त्याचा आनंद कोणाला नाही? परंतु प्रस्तुत लेखकासारख्या, ग्रंथालयात हाती लागेल ते वाचणाऱ्या माणसाला ती दोनदा अर्ध्यावर ठेवावी लागली. ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली कहाणी सांगतात खरे, पण तिघांचीही भाषा एकच, सुभाषितांनी लगडलेली!

याउलट लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. अक्षरओळखही लग्नानंतर झालेल्या या बाईंनी वडिलांच्या सोवळ्याने गांजलेले माहेर, पतीचा लहरीपणा, त्यांच्या धर्मांतरानंतरची ताटातूट हे सारे अशा सरळपणाने सांगितले आहे, की दुःखाच्या प्रसंगीही हसू आवरत नाही. माडगूळकरांची 'बनगरवाडी' एका बैठकीत संपते आणि मनातून जात नाही. नेमाड्यांच्या 'कोसला'विषयी मात्र आमचे मत दुभंगलेले आहे. धाकट्या बहिणीच्या मृत्यूचे प्रकरण वाचून पुस्तक मिटून बसलो होतो. पुढील काही भाग नेटाने संपवावा लागला.

ही मते चुकीची असतील. पण ती बोलून दाखवण्यास आम्हांला इतकी वर्षे का लागावीत? शाळेत असताना, मुळीच न आवडलेल्या एका पुस्तकाच्या 'ओघवत्या भाषाशैली'वर आम्ही परीक्षेत दीड पान लिहिले होते. गुरुजींनी ते उत्तर वर्गात वाचून दाखविले.