हाडे ठिसूळ, दोष कुणाचा?

मामाची मुलगी सून म्हणून घरी आणणे ही मराठवाड्यात नवलाची गोष्ट नाही. नायगाव, बिलोली, देगलूर, धर्माबाद हा तर तेलंगणाला लागून असलेला पट्टा. इथे काही घरांत मामा-भाचीचेही लग्न लागते. महाराष्ट्रातील मामेबहिणीशी लग्नाच्या या चालीची नोंद इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथातच केली होती. त्यामागची कारणेही समजण्यासारखी आहेत. घर ओळखीचे असते, देण्याघेण्याची घासाघीस कमी होते आणि आत्याच्या घरी मुलगी सुखात राहील असा विश्वास असतो. त्यामुळे या लोकांना अडाणी ठरवून काही साधणार नाही. मात्र या सोयरिकी जुळवताना एका आजाराची माहिती असायलाच हवी, असे माझे मत आहे.

हा ठिसूळ हाडांचा आजार. वैद्यकीय नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. साधारण दर १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला तो असतो. कपडे बदलताना बाळाचा हात मोडतो, रांगताना मांडीचे हाड मोडते. काही बाळे तर पोटात असतानाच मोडलेली हाडे घेऊन जन्माला येतात. मग घरात पहिला संशय येतो तो आईवर: बाळाला नीट धरले नाही, ग्रहणात काही चिरले, दिवस असताना पडली. यातले एकही कारण खरे नाही. खरे कारण शरीरातल्या एका प्रथिनाच्या घडणीत आहे.

हाडाला नुसते कॅल्शियम पुरत नाही. सिमेंटला आतून लोखंडी सळई लागते, तसे हाडाला कोलॅजेन लागते. कोलॅजेन म्हणजे तीन पदरी दोर. ज्यांनी चऱ्हाट वळताना पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की एक पदर मध्येच वाकडा झाला तर पीळ तिथेच अडतो. कोलॅजेनच्या पदरात साधारण पाचातला एक मणी प्रोलीन नावाच्या अमिनो आम्लाचा असतो आणि हा मणी मोठा हट्टी. त्याचा सांधा दोन स्थितींत राहू शकतो, सरळ किंवा दुमडलेला. दोर वळायचा तर सगळे सांधे सरळ हवेत. ते आपोआप सरळ होतात, पण फार सावकाश.

हे काम झपाट्याने करून देणारी विकरे म्हणजे प्रोलिल आयसोमरेज. जर्मन शास्त्रज्ञ गुंटर फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये त्यांचा शोध लावला. यातली काही नावे आपल्या दवाखान्यांतही अप्रत्यक्षपणे पोहोचली आहेत. मूत्रपिंड बदललेले रुग्ण सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस घेतात, ती औषधे याच कुळातल्या विकरांना चिकटून काम करतात. पिन-१ या विकराचा कर्करोग आणि अल्झायमरशी असलेला संबंधही अभ्यासला जातो आहे.

हाडांसाठी महत्त्वाची विकरे दोन: सायक्लोफिलिन-बी आणि एफकेबीपी-६५. त्यांच्या जनुकात बिघाड झाला की हाडे ठिसूळ होतात, हे २००९-१० मध्ये स्पष्ट झाले. त्यातही एक गंमत निघाली. २०१० च्या एका अभ्यासात सायक्लोफिलिन-बी मुळीच नसलेल्या रुग्णांत कोलॅजेनचा पीळ वेळेवर पडत होता, तरी आजार होताच. म्हणजे या विकराकडे एकापेक्षा अधिक कामे आहेत.

आता सोयरिकीचा मुद्दा. या आजाराच्या बहुतेक रुग्णांत दोष कोलॅजेनच्याच जनुकात असतो आणि त्याचा नात्यातल्या लग्नाशी संबंध नसतो. या विकरांच्या बिघाडाचे तसे नाही. एक प्रत बिघडली तरी माणूस ठणठणीत राहतो. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेलीच प्रत आली तरच बाळाला आजार होतो. आत्ते-मामे भावंडांत सरासरी आठवा हिस्सा जनुके सारखी असतात, मामा-भाचीत चौथा. आजोबांकडची एक बिघडलेली प्रत दोन वाटांनी एकाच पाळण्यात येण्याची शक्यता अशी वाढते. आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक धोका असतो. पहिले मूल आजारी होते म्हणून दुसरे सुटेल, असे नाही.

लाल कंधारी किंवा देवणी सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. एकाच वळूची पैदास पुन्हा त्याच रक्तात होऊ नये म्हणून तो वळू बदलतो. अमेरिकेतल्या क्वार्टर जातीच्या घोड्यांत कातडी सुटून येण्याचा एक रोग आहे. त्याचे मूळही याच सायक्लोफिलिन-बी च्या जनुकात सापडले आणि एका नामांकित वळूघोड्याच्या वंशातून तो पसरला.

याचा अर्थ नात्यातले प्रत्येक लग्न मोडावे असा नाही. अशा जोडप्यांचीही बहुसंख्य मुले धडधाकट असतात. पण घराण्यात एखादे मूल वारंवार हाड मोडणारे असेल, तर त्याच नात्यात पुन्हा सोयरीक करण्यापूर्वी आणि त्या आईच्या पुढच्या गरोदरपणाआधी जनुकीय तपासणी झालीच पाहिजे. डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसणे ही या आजाराची परिचित खूण, पण या विकरांच्या प्रकारांत डोळे पांढरेच असू शकतात. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

सरकारचीही जबाबदारी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत मुले तपासतात. त्यांनी दोन प्रश्न विचारावेत: हाड किती वेळा मोडले आणि आई-वडील नात्यातले आहेत का. २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात या आजाराचा समावेश आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्यासाठीचे एक केंद्र आहे. पण नायगावहून मोडलेल्या पायाचे मूल घेऊन मुंबई गाठणे किती घरांना जमेल? जनुकीय सल्ला आणि नमुना घेण्याची सोय नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातच ठरलेल्या दिवशी मिळायला हवी. आजार मुळापासून बरा होत नाही, पण बिस्फॉस्फोनेटची इंजेक्शने, हाडात बसवायच्या सळ्या आणि व्यायाम यांनी अनेक मुलांचे जगणे सुसह्य होते. उपचार लवकर सुरू झाले तर त्यांचा उपयोग अधिक.

तोवर एक गोष्ट प्रत्येक घराला आजच करता येईल, आणि तिला पैसा लागत नाही. मोडक्या हाडासाठी बाळाच्या आईला दोष देणे थांबवावे.