सील लागलं, असं कोण म्हणतंय?

जालना म्हटलं की स्टील आणि बियाणं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण संकरित म्हणून विकलेलं बी खरंच संकरित आहे का, हे कसं ठरवतात? जुनी पद्धत म्हणजे नमुना शेतात पेरून रोपं ओळखायची. त्यात हंगाम जातो. डीएनए मार्करने तेच काम काही दिवसांत होतं.

त्यासाठी लागते ९६ खळग्यांची, तळहाताएवढी प्लास्टिकची प्लेट. एकेका खळग्यात एकेका रोपाचा नमुना, द्रव जेमतेम १० मायक्रोलिटर. पीसीआर मशीनमध्ये ती तीसेक वेळा ९५ अंशांपर्यंत तापते. वरचं सील सैल असेल तर वाफ उडते, आणि कडेचे खळगे आधी दगा देतात. १० चे ८ उरले की तीव्रता २५ टक्क्यांनी वाढते.

दुसरा धोका सील ओढून काढताना. संकरित रोपात आई-बाप दोघांच्या खुणा दिसतात, स्वपरागणाच्या रोपात फक्त आईच्या. शेजारचा थेंब उडाला की तेही संकरित दिसतं. म्हणजे भेसळ पास!

हाताने काम करणारा माणूस फिल्म दाबतो, उजेडात धरून बघतो, कोपरा उचललेला दिसला की पुन्हा दाबतो. रोबोट प्लेट हीट सीलरमध्ये ठेवतो, काही सेकंदांनी स्क्रीनवर येतं ‘सील झालं’. माझा आक्षेप इथेच आहे. याचा खरा अर्थ एवढाच की गरम पट्टी ठरलेला वेळ खाली होती. फॉइल तिरकी बसली किंवा प्लेटच्या प्लास्टिकला चालणारी नव्हती, हे तिला काय कळणार? आपल्या धंद्यातलंच बघा ना, फंक्शन एरर न देता परत आलं म्हणजे काम झालं असं थोडंच असतं?

उपाय साधे आहेत. मशीनमध्ये जाण्याआधी आणि नंतर प्लेटचं वजन करा. कोपऱ्यात डीएनए नसलेलं पाणी ठेवा. तिथे खूण दिसली तर प्लेट बाद. सील काढण्याआधी प्लेट सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. आणि लॉगमध्ये ‘झालं’ऐवजी मोजलेला आकडा लिहा.

‘एवढा वेळ कुठेय?’ असं कुणी म्हणेलच. प्लेट बिघडली तर उद्या दुसरी लावता येते हो. शेतकऱ्याचा खरीप मात्र वर्षातून एकदाच येतो.