मालगुजार गेला, निस्तार कुठे गेला?

सरपणाची मोळी अडवली की एकच सवाल येतो, "जंगल काय तुमच्या बापाचं आहे?" या सवालाचे उत्तर सरकारी दप्तरातच लिहून ठेवले आहे. म्हणून ही जुनी गोष्ट.

भोसल्यांच्या राज्यात गावचा पाटील सारा गोळा करायचा. तो गावाचा धनी नव्हता. 1854 साली इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले आणि 1860 नंतरच्या बंदोबस्तात या सारा गोळा करणाऱ्यालाच मालगुजार म्हणून मालकी दिली. तलाव, पडीत, झुडपी, जंगल त्याचे झाले. आपल्या आज्यापणज्यांना कुणी विचारले नाही.

पण सरपण, चराई, घरासाठी लाकूडफाटा हा गावाचा निस्तार इंग्रजांनाही पुसता आला नाही. गावोगावची रीत वाजिब-उल-अर्जमध्ये लिहिली गेली.

31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली. तलाव सरकारजमा झाले. माजी मालगुजारी म्हणून त्यांना आजही आपण मामा तलाव म्हणतो. जंगलही सरकारजमा झाले. मालगुजाराचा माणूस गेला, नाकेदार आला. निस्तार मात्र कायद्याने मेला नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम 161 मध्ये निस्तार पत्रक आहे, 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज आहे.

हे दुखणे आपल्या एकट्याचे नाही. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको मुलखात स्पेन आणि मेक्सिकोच्या राजवटींनी गावांना चराई-सरपणाची सामाईक राने दिली होती. 1848 साली अमेरिकेने तो मुलूख घेतला, लोकांची मालमत्ता राखू असा करारही केला. पण 1897 साली त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ठरवले, घर आणि शेत तुमचे, सामाईक रान सरकारचे. पट्टा हाती राहिला, रान गेले.

आपल्याकडे तसेच होऊ द्यायचे काय? 2006 चा वनहक्क कायदा कलम 3(1)(ख) मध्ये निस्ताराचे नाव घेऊन सांगतो की जमीनदारी काळातला हक्कही हक्कच आहे. तरी बरीच गावे फक्त शेताच्या पट्ट्याचे अर्ज भरून थांबतात. पट्टा पाहिजेच. पण ढोरं कुठे चारणार, मोहफूल कुठे वेचणार?

म्हणून ग्रामसभा बोलवा, सामूहिक दावा ठरावात घ्या. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्जच्या नकला मागा. गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या. नियम 13 प्रमाणे एकाहून जास्त पुरावे लागतात, आणि म्हाताऱ्यांचा जबाबही पुरावाच आहे. ते आहेत तोवर हे काम करा. दप्तरातला कागद उद्याही सापडेल, त्यांची आठवण सापडणार नाही.