दोन रंगांना घाबरू नका

ज्यांना सुलट टाका नीट येतो, पण ज्यांचे विणकाम टोपडी, मोजे आणि फार तर पट्ट्यापट्ट्यांच्या मफलरपाशी थांबले आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: या थंडीत एकाच ओळीत दोन रंग चालवून नक्षीचा मफलर विणायला घ्या. तसला मफलर हातात घेतला की बहुतेकजणी म्हणतात, ‘हे आपल्याला जमायचे नाही.’ जमते. सात-आठ रंग दिसतात म्हणून ते अवघड वाटते, एवढेच.

या नक्षीचे सर्वांत प्रसिद्ध घर म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेची शेटलंड बेटे, आणि त्यांतले फेअर आयल हे चिमुकले बेट. शेटलंडमध्ये गनिस्टर या ठिकाणी 1951 साली पीटच्या, म्हणजे जळणासाठी खणतात त्या दलदलीतल्या मातीच्या, थरात एका माणसाचे सतराव्या शतकाच्या अखेरचे कपडे सापडले. त्यांत रंगीत नक्षी विणलेली एक छोटी थैलीही होती. पुढे 1920च्या दशकात ब्रिटनच्या युवराजाने, म्हणजे नंतरच्या आठव्या एडवर्डने, फेअर आयलचा स्वेटर घातला आणि ही नक्षी सगळीकडे पोचली. पण ती जपली आणि वाढवली बेटावरच्या कष्टकरी बायकांनी. पाठीवर पीटने भरलेली टोपली आणि हातात सुया, अशा त्या चालताचालता विणत असत. अशा कामात गुंतागुंत परवडणारी नव्हती, म्हणून तिथली रीत सोपी आहे. मफलरमध्ये कितीही रंग असोत, एका ओळीत दोनच चालतात. नक्षी थोड्या टाक्यांची असते आणि पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे दोन-तीन वेळा विणली की पाठ होते. शिवाय काम गोल चालते, म्हणजे उलट टाका घालावाच लागत नाही.

म्हणून पहिला आग्रह हा, की मफलर सपाट विणू नका, नळीसारखा गोल विणा. सपाट विणला तर प्रत्येक दुसरी ओळ उलट बाजूने, नक्षी डोळ्यांआड ठेवून विणावी लागते, आणि मागचे सगळे धागे उघडे राहतात. ते मग बोटांत, बांगडीत, कानातल्यात अडकतात. नळीत हे सारे आत झाकले जाते. रंग बदलतानाच्या गाठीसुद्धा आतच राहतात. फेरी जिथे सुरू होते तिथे नक्षीची एक पायरी पडते. नळी चपटी करताना ती जागा कडेला घेतली की दिसत नाही. मफलर दुपदरी होतो, त्यामुळे चांगलाच उबदार असतो. मुंबईच्या हवेत तो कपाटातच राहील. पण एडिंबरा किंवा शिकागोला राहणाऱ्या लेकीला, हिमालयात ट्रेकला निघालेल्या मुलाला तो रोज लागेल.

आता खरे कौशल्य. ते पुढच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला आहे. ज्या रंगाची पाळी नसते, तो टाक्यांच्या मागून आडवा धावतो. हा धागा ताठ ओढला की विणकाम चुण्या पडून आक्रसते. नवशिक्यांचे बहुतेक मफलर इथेच बिघडतात. रंग बदलण्याआधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्या आणि मगच दुसरा रंग उचला. मागचा धागा आपोआप पुरेसा सैल पडेल. प्रत्येक वेळी करा, कंटाळा करू नका. एक रंग सलग पाच टाक्यांहून जास्त चालत असेल, तर मागच्या धाग्याला मध्येच एकदा चालू धाग्याची अढी द्या. आणि दोन धाग्यांपैकी खालून येणारा कोणता, वरून येणारा कोणता, हे सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत तसेच ठेवा. खालून येणाऱ्या रंगाचे टाके किंचित ठसठशीत दिसतात, म्हणून नक्षीचा रंग खालून घ्यावा. मधेच अदलाबदल झाली तर नक्षी एका जागी उठून दिसते आणि पुढे फिकी पडते.

लोकर खरी घ्या, मेंढीची. आपल्या दुकानांत ॲक्रिलिक सहज मिळते आणि स्वस्तही असते, पण ते गुळगुळीत असते. खऱ्या लोकरीचे तंतू एकमेकांना धरून राहतात आणि धुतल्यावर फुलून टाके सारखे करतात. या विणकामाला तो गुण हवाच. लोकर दीडशे ते दोनशे ग्रॅम पुरते.

रंग निवडताना आवडीआधी त्यांचा गडद-फिकेपणा बघा. लाल आणि हिरवा वेगळे वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असले तर नक्षी हरवते. गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. त्यात फरक दिसला तरच ती जोडी घ्या. गडद लाल किंवा निळ्याचा धागा ओला करून पांढऱ्या फडक्यावर चोळून पाहा. रंग सुटत असेल तर तो पांढऱ्याजवळ नको.

मग 40 सेंटीमीटर लांबीची, साडेतीन मिलिमीटर जाडीची गोल सुई घ्या आणि 96 टाके घाला. चार, सहा, आठ, बारा अशा कोणत्याही टाक्यांची नक्षी त्यांत बरोबर बसते. दहा सेंटीमीटरमध्ये 24 टाके येत असतील, तर मफलर 20 सेंटीमीटर रुंद होईल. आधी छोटा नमुना विणून हे मोजा, तोही गोलच. दीड मीटर लांबीला सुमारे चाळीस हजार टाके लागतात. म्हणजे घाई चालणार नाही. रोज चार-पाच फेऱ्या झाल्या तरी तीन-चार महिन्यांत मफलर पुरा होतो. झाल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. मग दोन्ही तोंडे शिवून टाका.

पहिल्या मफलरला दोनच रंग घ्या, पांढरा आणि गडद निळा. पहिल्या दहा फेऱ्या वेड्यावाकड्या आल्या तरी उसवू नका, पुढे विणत राहा.