हात लावायचाच

आमच्या शाळेत प्रयोगाच्या सामानाचं कपाट होतं. कायम कुलूप. काचेतून लंबक बघायचा, अन् मास्तर ओरडायचे, 'हात लावू नको!' आमच्या बापजाद्यांनी पाणवठ्यावर जे ऐकलं तेच मी विज्ञानाच्या तासाला ऐकलं. नियम घोकले, मार्क पडले. वर म्हणायचे, ह्यांच्या डोक्यात शिरत नाही. शिरत नाही, की शिरू देत नाही?

मध्यप्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत खेड्यातली पोरं चौघं-चौघं बसून स्वतः प्रयोग करू लागली. परीक्षेला पुस्तक उघडं, प्रयोग करून दाखवायचा. १९७८ला हे जिल्हाभर पसरलं. २००२ला सरकारनं बंद केलं. घोकणारी पोरं सोयीची; मोजणारी उद्या रेशनचं मापही तपासतील.

मी साच्यावर काम करतो. माझा तागा घडीखात्यात दुसराच मोजतो, अन् त्यावर माझा पगार. म्हणून सांगतो, माप आपल्या हातात पाहिजे.

दोस्तांनो, अभ्यासवर्गात नुसती भाषणं पुरेत. सुतळी, दगड, सेकंदकाट्याचं घड्याळ घ्या. दगडाच्या मध्यापर्यंत लांबी एक मीटर. लहान झोके द्या, जाऊन-येऊन एक, असे १० मोजा. २० सेकंदांच्या आसपास येतील. दगड जड घ्या, लांबी तीच ठेवा: वेळ तीच. लांबी पाव करा: वेळ निम्मी. आलेला आकडा लिहा. पुस्तकाशी जुळवायला खोडू नका. का चुकला, ते पोरांनाच शोधू द्या.

२० मार्च १९२७ला महाडात बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. कपाटाचं कुलूप आपण काढायचं.