घरचा वाफा

गेल्या दिवाळीत वसुबारसेच्या संध्याकाळी मी धाकट्या भावाच्या मळ्यात गेलो होतो. मळा पूर्णेपासून फार लांब नाही; जंक्शनातल्या इंजिनाची शिट्टी तिथवर ऐकू येते. टोमॅटो ऐन बहरात होता. एक लालबुंद फळ तोडले, बाहीला पुसले आणि तोंडाशी नेले, तोच मागून भावजय ओरडली, "दादा, ते नका खाऊ! ते बाजाराचं हाय. घरचं न्हाणीमागं लावलंय."

न्हाणीमागे जाऊन पाहिले. अंघोळीच्या पाण्यावर वाढलेली सहा-सात झाडे. पाने ठिपक्यांची, फळे लहान, दोन-तीन देठाशी चिरलेली. या झाडांवर औषधाचा थेंब पडलेला नव्हता. ही घरच्या पोराबाळांसाठी. आणि पलीकडचा तो तुकतुकीत, एकसारख्या फळांचा पाऊण एकर तुमच्यासाठी, म्हणजे हा अंक चकलीच्या ताटाशेजारी ठेवून वाचणाऱ्या मंडळींसाठी.

मी कादंबऱ्या लिहितो. माणसाच्या दुटप्पीपणावर मी आजवर पुष्कळ कागद खर्ची घातला आहे. पण त्या सहा-सात झाडांनी तो विषय जितका थोडक्यात सांगितला तितका मला कधी सांगता आला नाही. मात्र माझा भाऊ दुष्ट आहे असा ग्रह कोणी करून घेऊ नये. तो भाबडा आहे, कर्जात आहे आणि भ्यालेला आहे. माझे भांडण आहे ते त्याच्या भीतीवर चालणाऱ्या व्यवहाराशी.

हा व्यवहार कसा चालतो ते पाहा. सकाळी झाड मलूल दिसले की शेतकरी एक पान खिशात घालून दुकान गाठतो. पान पाहायला दुकानदाराला जेवढा वेळ लागतो, त्याहून अधिक वेळ पुडे मोजायला लागतो. एक बुरशीचे, एक किडीचे, एक 'टॉनिक', आणि वर जिवाणूंची एक इवलीशी पुडी. रोगाचे नाव? ते कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगतही नाही. आपल्या पोराला ताप आला असता डॉक्टरने नाडी न पाहता चार बाटल्या एकत्र ओतून पाजल्या, तर आपण त्याला गावात राहू देऊ का? झाडाला मात्र हाच उपचार आम्ही बिनदिक्कत करतो आणि त्याला आधुनिक शेती म्हणतो.

गेल्या वर्षी भावाची झाडे एकामागून एक मरू लागली. "दादा, उभी झाडं मरायलेत," असे सांगत तो शाळेच्या फाटकाशी आला. तोवर त्याने चार फवारण्या केल्या होत्या. त्यांतल्या एका फवारणीत त्याने ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक ही दोन्ही एकाच बादलीत कालवली होती. वाचकांना यातली मौज कळावी म्हणून सांगतो: ट्रायकोडर्मा ही स्वतःच एक बुरशी आहे. ती मातीत राहून रोगाच्या बुरशीला खाते, तिची जागा अडवते. म्हणजे पैसे मोजून रखवालदार ठेवायचा आणि कामावर येताच त्याला विष पाजायचे! दोन्ही वस्तू एकाच हातांनी विकल्या गेल्या होत्या आणि त्या हातांना काही वावगे वाटले नव्हते.

मी मॅट्रिकपलीकडे शिकलो नाही. पण मर रोगाची एक परीक्षा अशी सोपी आहे की तिला काचेच्या पेल्याखेरीज काही लागत नाही. मलूल झाडाचे खोड बुंध्याशी कापायचे आणि तो तुकडा स्वच्छ पाण्यात लटकता धरायचा. रोग जिवाणूंचा असेल तर थोड्याच मिनिटांत कापलेल्या तोंडातून दुधासारखा पांढरा धागा खाली उतरू लागतो. ही परीक्षा मी भावाला वर्गातच करून दाखवली. सारा वर्ग पेल्याभोवती गोळा झाला. पाच मिनिटे गेली, दहा गेली. पाणी जसेच्या तसे नितळ. "गुरुजी, काहीच नाही झालं!" एका मुलीने हिरमुसून म्हटले. अग बाई, तेच तर उत्तर! मग खोड उभे चिरले. सालीच्या आत तपकिरी रेघ होती. झाडाची खालची पाने आधी पिवळी पडली होती, तीही एकाच अंगाने. दुसऱ्या दिवशी मुळांसकट झाड घेऊन भाऊ परभणीला कृषी विद्यापीठात गेला. तिथे निदान झाले: फ्युजारियम बुरशीची मर. ही मातीतून मुळांत शिरते आणि पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवते. पानांवर उडवलेले औषध तिथवर पोचणार कसे? चार फवारण्या वाया. आणि जिवाणूंची ती पुडी तर जिथे जिवाणू नव्हतेच तिथे उडवलेली.

त्या पुडीविषयी मला जरा अधिक बोलायचे आहे. तिच्यात होते स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचे पहिले गुणकारी औषध. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याला ते मातीतल्या सूक्ष्मजीवांपासून मिळाले. १९५२ चे नोबेल मात्र एकट्या वॅक्समनना. (विद्यार्थ्याच्या वाट्याला काय येते हे मास्तरांना सांगायला नको.) आमच्या आजोबांच्या पिढीने क्षयाने घरेच्या घरे ओस पडलेली पाहिली. त्या रोगाला आवर घालणारे औषध आम्ही आता पाठीवरच्या पंपातून वाऱ्यावर सोडतो! जिवाणू निर्बुद्ध नसतात. औषध पुन्हा पुन्हा, थोडेथोडे मिळाले की ते सरावतात. अमेरिकेत सफरचंद-नाशपतीच्या बागांत हेच औषध मारीत गेले, आणि १९७० नंतर त्याला न जुमानणारे जिवाणू तिथे सापडू लागले. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२१ मध्ये ही दोन औषधे शेतीतून हद्दपार करण्याचा मसुदा काढला. आमच्या बांधावर तो मसुदा कोणी वाचून दाखवला नाही.

आणि फवारणाऱ्याचे काय? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यांत पडले. डब्यावर तांबडा, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो आणि तो विषारीपणाची उतरती पायरी सांगतो, हे त्या पंप वाहणाऱ्यांपैकी कितीजणांना कोणी शिकवले होते? आत घडी घातलेला कागद असतो. कोणते पीक, किती मात्रा, फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचे, सारे त्यावर असते. पण अक्षर मुंगीएवढे. आणि आठवडी बाजार कोणासाठी थांबत नाही.

"मग सुरक्षित औषध कोणते?" असे विचारणाऱ्यांचा मला थोडा राग येतो, कारण त्यांना पुन्हा एक बाटलीच हवी असते. टोमॅटोचे खरे औषध बहुतांशी बाटलीत नसतेच. ते कष्टात असते. आणि कष्ट दुकानात विकता येत नाहीत, म्हणून त्यांची जाहिरात कोणी करीत नाही. वांगी, मिरची, बटाटा यांच्या मागे टोमॅटो लावू नये. ही सगळी एकाच कुळाची भावंडे, त्यांचे रोगही पुष्कळसे सामाईक. आमची काळी जमीन पाणी धरून बसते, म्हणून रोपे गादीवाफ्यावर करावी, नाहीतर ती जमिनीलगत कुजून कोलमडतात. मे महिन्यातले आमचे ऊन माणसाला नकोसे होते. त्याच उन्हात वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक चार-सहा आठवडे अंथरले तर वरच्या थरातल्या पुष्कळ रोगकारक बुरश्या उकडून मरतात. फुकटची भट्टी आहे ती! ट्रायकोडर्मा कुजलेल्या शेणखतात मुरवून लागवडीच्या वेळी द्यावा. परभणीच्या विद्यापीठातच 'बायोमिक्स' नावाचे उपकारक सूक्ष्मजीवांचे मिश्रण तयार होते. हळदवाले ते आवर्जून नेतात. टोमॅटोवाले मात्र कालच्याच दुकानात.

करपा पाहा. पानावर वर्तुळात वर्तुळे असलेले तपकिरी डाग, सुरुवात नेहमी खालच्या पानांपासून. का? पावसाचा थेंब मातीवर आपटतो आणि उडालेल्या शिंतोड्याबरोबर रोग पानावर चढतो. मग झाडे काठी-तारेला बांधा, खाली पाचटाचे आच्छादन घाला, बुडाची पाने वेळीच खुडून शेताबाहेर नेऊन जाळा, पाणी पानांवर न उडवता मुळाशी द्या. एवढे करून पाऊस लागूनच राहिला तर बोर्डो मिश्रण आहे: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. १८८५ साली फ्रान्सात बोर्दोकडच्या द्राक्षमळ्यांवरून हा उपाय जगाला कळला; वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून कडेच्या वेलींवर जे शिंपडले होते त्याने रोगही हटला होता. दोन्ही द्रावणे प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत करावी, मग एकत्र ओतावी, आणि लोखंडी सुरी बुडवून पाहावी. सुरीवर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. पण हेही अमृत नव्हे. मात्रा वाढली तर कोवळी पाने भाजतात, आणि वर्षानुवर्षे मारीत गेल्यास तांबे मातीत साठत जाते.

दुसऱ्या टोकाचे बुवाही मला तितकेच असह्य होतात. आंबट ताक आणि गोमूत्र शिंपडा, सर्व रोग पळतील, असे हे गावोगाव सांगत फिरतात. नाव न पाहता पुडी देणारा दुकानदार आणि नाव न पाहता ताक देणारा बुवा यांत मला तरी फरक दिसत नाही. मातीतली मर ताकालाही भीत नाही.

हे सगळे भावाला सुनावले तेव्हा तो म्हणाला, "दादा, तुमचा पगार एक तारखेला येतो. माझं पीक गेलं तर मी कुणाच्या दारात जाऊ? डागाळलेला माल व्यापारी खाली टाकतो." याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभरीपार गेला तेव्हा शहरांतून केवढा आक्रोश झाला! आणि भाव कोसळल्यावर शेतकरी क्रेटच्या क्रेट रस्त्यावर ओततो, तेव्हा कोणाच्या घरची आमटी अडते? मंडईत दोन बोटांनी टोमॅटो फिरवून बारीकसा ठिपका दिसताच तो परत ठेवणाऱ्या ताई-माईंनी रागावू नये. पण त्या पंपाच्या दांड्यावर त्यांचाही हात असतो. सालीवरचा ठिपका सुरीच्या टोकाने काढता येतो. न दिसणारे औषध कशाने काढणार?

यंदा भावाने जागा बदलली. जुन्या तुकड्यात ज्वारी पेरली. फ्युजारियम मातीत वर्षानुवर्षे टिकते, म्हणून तिथे टोमॅटो आता इतक्यात नाही. रोपे त्याने अर्का रक्षक या बंगळूरच्या संकरित वाणाची आणली. पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि करपा या तिन्हींना ते तोंड देते म्हणतात; फ्युजारियमचे नाव त्या यादीत नाही, हे मी त्याला दोनदा सांगितले. झाडे काठीला बांधली आहेत, खाली पाचट आहे. फवारण्या अजून दोन, दोन्ही बोर्डोच्या, सुरी बुडवून पाहिलेल्या. पंप मात्र पडवीत भरायच्या तयारीत ठेवलेला असतो आणि आभाळ आले की तो त्याच्याकडे पाहतो.

परवा मी गेलो तेव्हा मळ्यातले एक फळ तोडले आणि मुद्दाम भावजयीकडे पाहिले. ती काही बोलली नाही. खा म्हणाली नाही, नका खाऊ असेही नाही. मी ते खाल्ले. न्हाणीमागची झाडे तिने अजून काढलेली नाहीत.