पेशीतील मुनीम

गुलमंडीच्या पेठेत दिवसभर गादीवर बसणारा व्यापारी सडपातळ असला, म्हणजे मधुमेहापासून सुरक्षित असतोच असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःची तुलना लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याशी केली होती. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा चरबी दाखवत नाही, तो असा.

चरबी साठवावी की जाळावी, हा हिशेब पाहणाऱ्यांपैकी एक म्हणजे पेशीतील ‘एएमपीके’ हे विकर, अर्थात एन्झाइम. ऊर्जेची शिल्लक घटली की हा मुनीम जागा होतो. स्नायूंना रक्तातील साखर उचलावयास लावतो, यकृतातील चरबीनिर्मितीस आवर घालतो. शिल्लक भरलेली असली की तो स्वस्थ बसतो. मेटफॉर्मिन हे औषध अंशतः त्यालाच जागवते, आणि व्यायामही. इन्सुलिनचा प्रभाव मंदावला असला तरी चालते स्नायू साखर उचलतात.

म्हणून कमरेचा घेर मोजावा, रक्तशर्करा नियमित तपासावी, औषधाबाबत डॉक्टरांचेच ऐकावे आणि जेवणानंतर गादीकडे वळण्यापूर्वी थोडे चालावे.